देवचौकातला पंचशिर्या

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील वारली पाड्यांवर लग्नघराच्या शेणाने सारवून गेरूने रंगविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक रेखाटला जातो, आणि तो रेखाटल्यावाचून विवाह सिद्धीस जात नाही, असा तेथील पूर्वापार दस्तूर आहे. सवाशिणी बांबूच्या काडीचे टोक चावून तिची कुंची करतात. मोठ्या चौकात पालघट देवी विराजते; लहान देवचौकात असतो पंचशिर्या. घोड्यावर आरूढ झालेला किंवा नुसताच उभा असलेला हा वीर मस्तकहीन असून त्याच्या मानेतून धान्याची पाच कणसे उगवलेली असतात. तो शेताचा राखणदार, क्षेत्रपाल. शिर गेल्यावर ज्याच्या धडातून पीक उभे राहते अशा या देवाचे मला भय वाटत नाही; उलट त्याच्याकडे पाहून मोठा धीर येतो.

मात्र चौकात देव येतो तो गाण्याने. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी वारली पुरोहिता, पोथीवाचून, केवळ मुखोद्गत गाण्यांच्या आधारे सारा विधी चालविते आणि देवांना पाचारण करते. भगताच्या अंगात वारे येते. संगीत आणि परलोक यांचा असा संबंध इतरत्रही आढळतो. योशितोशी या जपानी चित्रकाराने १८८५ ते १८९२ या काळात काढलेल्या चंद्रविषयक शंभर काष्ठमुद्रित चित्रांत, सुझाकू वेशीपाशी चांदण्यात बासरी वाजविणारा हाकुगा सान्मी हा उमराव आणि त्याला साथ देणारा एक अनोळखी पुरुष दिसतो. तो अनोळखी पुरुष म्हणजे वेशीत वसणारे पिशाच, अशी आख्यायिका आहे. योशितोशीने शतकांपूर्वीची कथा चितारली. धवलेरीच्या कंठातली कथा मात्र चौकासमोर त्याच वेळी घडत असते.

१९७० नंतर चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने ही वारली चित्रकला भिंतीवरून कागदावर आली. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी तिला विधीबाहेरचे स्वतंत्र आयुष्य दिले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि जपानमधील तोकामाची येथील मिथिला संग्रहालयातही वारली चित्रे मानाने विराजमान झाली. हा लौकिक सर्वथा योग्यच होय. तथापि कागदावर उतरलेला पंचशिर्या धवलेरीच्या गाण्याविना उभा आहे, याची खंत मला वाटते. चित्रांचे जतन करणाऱ्या संस्थांनी त्या चौकासमोरची गाणीही, गाणारीचे नाव आणि पाडा यांसह, आपल्या दप्तरी दाखल करून घ्यावीत. आणि हे काम, ती गाणी ज्यांना येतात त्या म्हाताऱ्या धवलेरी हयात आहेत तोवरच व्हावे.