घोडीचे पंचांग

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज 18 व्या शतकात पवार-होळकरांच्या घोडदळाबरोबर माळव्यात आले. त्या पागा केव्हाच मोडल्या. आज धार, देवास, कन्नौदकडे आपला घोड्याशी संबंध येतो तो बहुधा वरातीपुरता. दारात सजून उभी राहते ती घोडी असते, आणि तिलाही स्वतःचे पंचांग असते. आपल्या लग्नतिथींशी त्याचा मेळ बसत नाही.

हे पंचांग उजेडावर चालते. रात्र मोठी असते तेव्हा मेंदूतील एका लहान ग्रंथीतून मेलाटोनिन हा स्राव अधिक वेळ पाझरतो आणि बीजकोशांना मिळणारी चालना मंदावते. दिवस वाढू लागला की ती पुन्हा सुरू होते. म्हणून घोडी मुख्यतः वसंत-ग्रीष्मात माजावर येते. कन्नौद कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला आहे. येथे सर्वांत लहान दिवस पावणेअकरा तासांच्या आसपास, तर सर्वांत मोठा साडेतेरा तासांचा. थंड देशांइतका हा फरक नसल्याने काही घोड्या हिवाळ्यातही माजावर येतात, पण पुष्कळजणी थंडावतात.

मोसमात साधारण दर 21 दिवसांनी माज येतो आणि 5 ते 7 दिवस टिकतो. बीज सुटते ते माजाच्या अखेरच्या एक-दोन दिवसांत, म्हणून जाणता मालक पहिल्याच दिवशी घाई करत नाही. माजावरची घोडी नर जवळ आला की शेपटी बाजूला घेते, थोडी थोडी लघवी करते. एरवी ती कान मागे पाडून लाथ झाडते.

गर्भ राहिला की सुमारे 340 दिवस जातात. आपले चांद्र वर्ष 354 दिवसांचे. म्हणजे अक्षय्य तृतीयेला फळलेली घोडी, मध्ये अधिक मास आला नाही तर, पुढच्या अक्षय्य तृतीयेच्या पंधरवडाभर आधी विते. व्याल्यानंतर साधारण नवव्या दिवसाच्या आसपास ती पुन्हा माजावर येते. दरवर्षी त्याच सुमारास शिंगरू हवे असेल तर 365 मधून 340 वजा जाता हाती 25 दिवसच उरतात. मालकाला या पहिल्या माजाचा मोह होतो तो यामुळे. पण गर्भाशय तेव्हा पुरते सावरलेले नसते. पुढच्या माजापर्यंत थांबले तर गर्भ राहण्याची शक्यता वाढते, मात्र वेत दरवर्षी मागे सरकत जाते.

आता लग्नसराई आठवून पाहा. घोडीचे गाभणपणाचे शेवटचे महिने, वेत आणि नवा माज हे सारे फाल्गुन ते ज्येष्ठ याच काळात येते, आणि मालकाची वर्षाची कमाईही त्याच काळातली. शिंगरू की भाडे, हा प्रश्न त्याला दर उन्हाळ्यात पडतो.

घोडी विकत घेणाऱ्यांसाठीही यात एक गोष्ट आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्षात भरतो. दिवस सर्वांत लहान असतात तो हा काळ. तेथे कोणी म्हणाले, "घोडी माजावर येत नाही, म्हणजे गाभणच आहे," तर तो पुरावा मानू नये. थंडीत रिकामी घोडीही माज दाखवत नाही. पशुवैद्याकडून सोनोग्राफी करून घ्यावी. फळल्यापासून 15-16 दिवसांत गर्भ दिसू लागतो.

घोडी बहुधा रात्री, सामसूम झाल्यावर विते. बाहेर येण्याच्या कळा सुरू झाल्या की अर्ध्या तासात शिंगरू यायला हवे. ते तासाभरात उभे राहावे, दोन तासांत प्यावे आणि तीन तासांत वार पडावी. यांत उशीर झाला तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याला बोलवावे. पहिल्या आठवड्यात शिंगरू तासातून अनेकदा पिते. अशी ओली घोडी चार तास वरातीत उभी राहिली तर ते तिकडे उपाशी असते.

म्हणून वरातीची घोडी ठरवताना भाड्याबरोबर आणखी एक विचारावे: गाभण आहे का, कितवा महिना, की नुकतीच व्याली आहे? शेवटच्या तीन महिन्यांत गर्भ सर्वांत जास्त वाढतो. तेव्हा तिच्या पाठीवर वजन आणि कानाशी फटाके नकोत. खरे सांगितले तर भाडे बुडेल, ही मालकाची भीती आपणच घालवावी. त्याच्याकडचे दुसरे जनावर घ्यावे, नाहीतर नवरदेवाने पायी चालावे.