परांचीवरचे काम आणि मालकाची जबाबदारी

पावसाळा सरून भिंती वाळल्या, म्हणजे गृहनिर्माण संस्थांच्या इमारतींभोवती बांबूच्या परांच्या उभ्या राहतात, बैठ्या घरांवर एखादा मजला चढतो, जुन्या वाड्यांची छपरे उतरविली जातात. आणि या कामांचा ठेका देताना दर, मुदत, सिमेंटचा छाप आणि रंगाचे हात यांविषयी जितकी घासाघीस होते, तिच्या दशांशानेही चर्चा, काम चालू असता कोणी पडला, शेजाऱ्याची भिंत तडकली किंवा खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर वीट आली तर भरपाई कोणी करावयाची, या प्रश्नाची होत नाही. याचे कारण निव्वळ बेपर्वाई असते असे मला वाटत नाही. 'ते सारे ठेकेदाराकडे असते' ही ठाम समजूत त्याच्या मुळाशी असते. ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि तिच्या खोट्या अर्ध्याचा भार सर्वांत आधी ज्याच्यावर पडतो तो बहुधा घरमालक नसतो. ज्याच्या नावाचा एकही कागद कोठे सापडत नाही, असा एखादा बिगारी असतो.

ठेका दिला की जबाबदारी संपली, हा पहिला आणि सर्वांत रुळलेला गैरसमज. कामावर असताना आणि कामामुळे झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने, म्हणजे ज्याने मजुराला कामावर ठेवले त्याने, द्यावयाची, हे तत्त्व १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने आपल्याकडे रुजविले. त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करण्याची सामान्यतः गरज नाही. याच कायद्याच्या बाराव्या कलमाने असे ठरविले, की कोणी आपल्या व्यापार-व्यवसायाच्या ओघात अथवा त्याच्या प्रयोजनासाठी त्या व्यवसायाचा सामान्यतः भाग असलेले एखादे काम ठेकेदाराकडे सोपविले, तर ठेकेदाराच्या मजुराला भरपाई देण्याचे दायित्व त्या मूळ मालकावरही, जणू मजूर त्यानेच ठेवला होता अशा रीतीने, येते. मागाहून ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याला राहतो, पण मजुराच्या कुटुंबाने दोघांपैकी कोणाच्या दारी जावे, हे त्या कुटुंबाने ठरवावयाचे असते. म्हणून कारखानदार, हॉटेलवाला किंवा इमारती बांधून विकणारा विकसक अशा कामांपुरता 'ठेकेदाराला विचारा' एवढे बोलून मोकळा होऊ शकत नाही. स्वतःच्या राहत्या घराला रंग देववणारा गृहस्थ व्यवसायाच्या ओघात काही करीत नसल्याने या कलमाच्या कक्षेबाहेर सामान्यतः राहतो. या दोहोंच्या मध्ये उभ्या असलेल्या गृहनिर्माण संस्थेच्या बाबतीत मात्र वादाला पुष्कळ जागा राहते, आणि कार्यकारी समितीने हे ध्यानात ठेवूनच निविदा मागवाव्यात.

परंतु ज्या गृहस्थाने ठेकेदारच नेमला नाही, नाक्यावरून एक गवंडी आणि दोन बिगारी रोजंदारीवर आणले, त्याची स्थिती निराळी आहे, आणि येथे शहाणीसुरती माणसेही चुकतात. 'दोन दिवसांचा मजूर, तो माझा नोकर कसा?' हा त्यांचा प्रश्न पूर्वी रास्त होता, कारण मालकाच्या व्यवसायाशी संबंध नसलेले किरकोळ, नैमित्तिक काम करणारा मनुष्य मूळ कायद्याच्या व्याख्येतून वगळलेला होता. तो अपवाद २००० सालच्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आला. एकाहून अधिक मजल्यांच्या, अथवा जमिनीपासून छपराच्या शिखरापर्यंत बारा फूट वा त्याहून उंच असलेल्या इमारतीचे बांधकाम, देखभाल, दुरुस्ती किंवा पाडकाम यांवर लावलेली माणसे कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट आहेत. आणि बारा फूट ही उंची काही हवेलीची नव्हे, कोकणातले साधे कौलारू घरही ती सहज गाठते. तेव्हा कौले परतण्यासाठी ज्याला आपण स्वतः बोलावले, ज्याची मजुरी आपण ठरविली आणि ज्याला काय करावे हे आपणच सांगत राहिलो, त्याचे मालक आपणच आहोत, असे ठरण्याचा संभव मोठा असतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता अंमलात आली आहे आणि भरपाईचा विषय तिच्या सातव्या प्रकरणात गेला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, तरी अपघाताची भरपाई मालकाने द्यावयाची हे मूळ तत्त्व कायम आहे.

ही भरपाई किती, याविषयीची कल्पनाही फार तोकडी असते. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे, असा १९२३ च्या कायद्याचा हिशेब; आणि त्यासाठी धरावयाच्या वेतनाची कमाल मर्यादा ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने दरमहा १५,००० रुपये करण्यात आली. तीस वर्षांच्या मजुराचा गुणक २०७.९८ आहे, म्हणजे त्याच्या मृत्यूची भरपाई १५,५९,८५० रुपये होते. तो जिवंत राहिला पण कायमचा पूर्णतः अपंग झाला, तर निम्म्याऐवजी साठ टक्के वेतन धरले जाऊन ती १८,७१,८२० रुपयांवर जाते. परांचीवरून पडून कण्याला इजा झालेल्या तरुणाला उरलेले आयुष्य याच रकमेवर काढावयाचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे ती कोणाला जास्त वाटू नये.

अपघातानंतर गावातील चार प्रतिष्ठितांना मध्ये घालून, घरच्यांच्या हाती लाख-दोन लाख ठेवून, 'यापुढे आमची काही तक्रार नाही' असे मुद्रांकाच्या कागदावर लिहून घेण्याची एक प्रथा आहे, आणि ती करणाऱ्यांना आपण प्रकरण मिटविले असे मनापासून वाटते. वस्तुतः मृत्यूच्या प्रकरणी भरपाईची रक्कम त्या कामासाठी नेमलेल्या आयुक्ताकडे जमा करणे हाच १९२३ च्या कायद्याने मान्य केलेला मार्ग. वारसांना परस्पर दिलेली रक्कम, तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतच्या आगाऊ रकमेचा अपवाद सोडल्यास, भरपाई म्हणून धरली जात नाही, आणि हक्क सोडून देणारा करार सतराव्या कलमान्वये तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. दावा दाखल करण्यास दोन वर्षांची मुदत होती, व पुरेसे कारण दाखविल्यास त्यानंतरही तो ऐकला जाऊ शके. दुःखाने बधिर झालेल्या, बहुधा परप्रांतातून आलेल्या विधवेकडून असा कागद लिहून घेणे किती अनुचित आहे, हे वेगळे सांगावयास नको. तो कागद मालकालाही तारीत नाही, एवढे येथे नमूद करतो.

आता विम्याकडे वळू. 'आमच्या सर्व माणसांचा विमा आहे' असे ठेकेदार सांगतो तेव्हा तो खोटे बोलत असतो असे नाही. पुष्कळदा त्याने प्रत्येकाच्या बँकखात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा वीस रुपयांचा हप्ता भरविलेला असतो, किंवा मंडळीचा एकत्रित अपघात विमा उतरविलेला असतो. ही गोष्ट चांगलीच आहे आणि ती प्रत्येकाने करावी. पण ते मजुराचे स्वतःचे संरक्षण झाले, प्रधानमंत्री योजनेत दोन लाखांचे. मालकाचे कायदेशीर दायित्व उचलण्याचे वचन त्या विम्यात नसते, आणि तो मिळाला म्हणून मालकाकडील भरपाई फिटली असे होत नाही. बांधकामावर भरलेल्या एक टक्का उपकराचेही तसेच: तो कल्याणकारी मंडळाकडे जातो, नोंदणी झालेल्या कामगारांना त्यातून लाभ मिळतात, पण तो विम्याचा हप्ता नव्हे. मालकाचे दायित्व उचलणारी पॉलिसी निराळी असते आणि बाजारात तिला अजूनही 'वर्कमेन कॉम्पेन्सेशन'ची, किंवा नुसती 'डब्ल्यूसी' पॉलिसी म्हणतात.

ती आहे, एवढ्यानेही भागत नाही. माझ्या मते या सर्व विषयात सर्वांत अधिक नुकसान जर कशाने होत असेल, तर पॉलिसीची पहिली पाने पाहून फाईल मिटण्याच्या सवयीने. या पॉलिसीचा हप्ता मजुरांची संख्या, त्यांचे एकूण वेतन आणि कामाचे स्वरूप यांवर आकारला जातो. म्हणून ठेकेदाराने आठ माणसे दाखवून वीस चढविली असतील, फरशीकाम लिहून बाहेरचे गिलाव्याचे काम घेतले असेल, अथवा पॉलिसीत ठाण्याचा पत्ता असून काम डोंबिवलीस चालू असेल, तर दाव्याच्या वेळी विमा कंपनीच्या हाती आयते कारण जाते. त्यातही पोटठेकेदाराची माणसे हा मोठा खड्डा आहे. मुख्य ठेकेदार परांची बांधण्याचे काम एकाला, रंगकाम दुसऱ्याला देतो. आणि पोटठेकेदाराच्या मजुरांचा स्वतंत्र उल्लेख होऊन त्यांच्यापोटी हप्ता भरला गेला नसेल, तर सर्वांत धोक्याचे काम करणारी माणसेच विम्याबाहेर राहतात. इस्पितळाचा खर्च हाही बहुधा जादा हप्ता देऊन जोडून घ्यावा लागतो. भरपाई देण्यास विलंब झाल्यास बसणाऱ्या व्याजाविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली असे म्हटले, की अशा पॉलिसीत व्याज वगळण्याची मुभा कराराच्या पक्षांना आहे. तेव्हा महिन्याभरात रक्कम न भरल्यास जुन्या कायद्याने लागू होणारे बारा टक्के व्याज मालकाच्या खिशातून जाऊ शकते. त्यावरील दंड, जो भरपाईच्या निम्म्यापर्यंत असू शके, त्याची अपेक्षा विम्याकडून ठेवूच नये.

शेजाऱ्याचा प्रश्न याहून नाजूक. 'भिंत ठेकेदाराने खणली, माझा काय संबंध?' या युक्तिवादाला इंग्लंडातील न्यायालयाने १८७६ सालीच, बोवर विरुद्ध पीट या खटल्यात, उत्तर देऊन ठेवले आहे: जुने घर पाडून नवे बांधताना शेजारच्या घराचा आधार काढला जाणार असेल, तर तो आधार राखण्याचे कर्तव्य काम करवून घेणाऱ्याचे असते आणि ठेकेदार नेमून ते दुसऱ्यावर ढकलता येत नाही. आपल्याकडेही दिल्लीतील चांदनी चौकातले जुने घंटाघर कोसळून माणसे दगावली, त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली असे स्पष्ट केले, की रस्त्यालगतच्या इमारतीची नीट देखभाल ठेवणे हे मालकाचे विशेष कर्तव्य आहे आणि धोका आपल्याला ठाऊक नव्हता, ही सबब पुरत नाही. अशा त्रयस्थांच्या हानीसाठी 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' नावाची पॉलिसी असते. तिचा पहिला भाग बांधकामाच्या हानीचा, दुसरा त्रयस्थांविषयीच्या दायित्वाचा. परंतु 'ऑल रिस्क' या नावाने फसू नये: या दुसऱ्या भागातून ठेकेदाराचे आणि मालकाचे मजूर वगळलेले असतात, म्हणजे मजुरांसाठीची पॉलिसी वेगळीच घ्यावी लागते, आणि हादऱ्यांमुळे अथवा आधार निघाल्यामुळे शेजारच्या मालमत्तेला झालेली हानीही मूळ मसुद्यात नसते, ती जादा हप्ता देऊन मुद्दाम जोडावी लागते. जुन्या पेठांतून, जेथे वाड्याला वाडा लागून उभा आहे, तेथे नेमकी हीच जोड नसेल तर ती पॉलिसी मुख्य धोक्यापुरती निरुपयोगी ठरते.

'माझ्या घराचा विमा आहेच' असे म्हणणाऱ्याने तो एकदा वाचावा. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना द्यावी लागणारी 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी आग, भूकंप, पूर, वादळ यांपासून घराचे व सामानाचे उत्तम रक्षण करते. पण जमीन खचल्यामुळे झालेली हानी जर पाडकाम, बांधकाम, संरचनेतील फेरफार, खोदकाम किंवा सदोष कारागिरी यांतून उद्भवली असेल, तर ती त्या संरक्षणातून वगळलेली आहे. दुसऱ्याच्या इजेची भरपाई देणे हे तर तिचे कामच नव्हे. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याचे नावही कोणी मध्ये आणतात. तो कायदा भोपाळच्या दुर्घटनेनंतर घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी झाला, घरकामाशी त्याचा संबंध नाही.

राहिले करारनाम्यातील ते वाक्य, 'सर्व अपघातांची जबाबदारी ठेकेदाराची राहील'. ते असावे, कारण मालकाला पैसे भरावे लागले तर वसुलीचा आधार त्यातूनच मिळतो. पण ते वाक्य मालक आणि ठेकेदार या दोघांनाच बांधते. मजूर वा शेजारी त्यावर सही करीत नाही. आणि ज्या ठेकेदाराची सारी मिळकत एक टेम्पो व भाड्याच्या परांच्या एवढीच आहे, त्याच्याकडून पंधरा लाखांची वसुली कशी करणार? निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेल्यास भारतीय न्याय संहितेखाली होणारी फौजदारी कारवाई मात्र कोणत्याही करारनाम्याने वा पॉलिसीने टळत नाही.

तेव्हा कार्यादेश देण्यापूर्वी मजुरांसाठीची आणि त्रयस्थांसाठीची अशा दोन्ही पॉलिस्यांच्या संपूर्ण प्रती मागवाव्यात, नुसता हप्त्याच्या पावतीचा फोटो स्वीकारू नये. प्रत खरी असल्याची खातरजमा विमा कंपनीच्या कार्यालयातून करून घ्यावी. पॉलिसीत मालकाचे किंवा संस्थेचे नाव 'प्रिन्सिपल', म्हणजे मूळ मालक, म्हणून घातले आहे की नाही ते पाहावे. आणि मजुरांचे हजेरीपत्रक, ज्यात नाव, वय आणि रोज नोंदलेला असेल, आठवड्याला एकदा तपासावे. मजूर कामावर होता हे सिद्ध करण्यासाठी त्याच्या कुटुंबापाशी पुष्कळदा तेवढाच एक पुरावा असतो. हप्त्याचा खर्च ठेकेदार दरात धरतो, म्हणून सर्वांत कमी दराची निविदा उघडताना त्यात हा खर्च आहे का, हे विचारावे. आणि मार्चअखेर संपावयाचे काम रेंगाळत जूनवर गेले, परांची पहिल्या पावसातही उभीच राहिली, तर पॉलिसीची मुदत संपण्यापूर्वी ती वाढवून घ्यावी. मुदत उलटल्यानंतर झालेल्या अपघाताला मागाहून भरलेला हप्ता लागू होत नाही.