लवंगीला भिणारा मुलगा

दिवाळीच्या सुट्टीपूर्वीची गोष्ट. सदरमधल्या शाळेत सातवीच्या वर्गाला मी विचारले, "कोणाला कशाची भीती वाटते?" पाल, अंधार, गणित, बाबांचा आवाज! हशा पिकला. मागच्या बाकावरचा एकजण मात्र मान खाली घालून बसला होता. कुणीतरी ओरडले, "सर, हा लवंगीला भितो!"

मी फळ्यावर दोन रकाने आखले. सुतळी बॉम्बची वात पेटताच आपण मागे पळतो, ती भीती. ती घरची राखणदार. काम झाले की निघून जाते. पण दसरा उलटताच ज्याची झोप उडते, टिकलीच्या आवाजानेही ज्याच्या छातीत धडधडते, मामाकडचा फराळही ज्याला नकोसा होतो, आणि असे वर्षानुवर्षे चालते, त्याला भयगंड म्हणायचे. ओळखायला मुलांना तीन प्रश्न दिले : धोका खरोखर केवढा? तो टळल्यावर भीती जाते का? तिच्यापायी काय काय सोडावे लागते?

तास संपल्यावर तो मुलगा हळूच म्हणाला, "सर, माझा रकाना दुसरा आहे जी."

संध्याकाळी वडील भेटले. "कानाशी एक बॉम्ब फोडला की भीती मोडेल," असा त्यांचा बेत होता! मी त्यांना पीटरची हकिकत सांगितली. सशाला घाबरणारे हे लहानगे पोर. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीने त्याला आवडता खाऊ देत देत पिंजऱ्यातला ससा रोज थोडा जवळ आणला. शेवटी पोर सशाला कुरवाळू लागले. १९२४ साली तिने हे प्रसिद्ध केले. आजचे उपचारही याच वाटेने, पण जाणत्याच्या देखरेखीखाली होतात.

सदरहून फार दूर नाही, १८६४ सालापासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे दाखवा, म्हटले. शिवाय सरकारच्या 'टेली मानस'चा १४४१६ हा फोनही आहे.

वडील दचकले. "पागलखाना चौकात? लोक काय म्हणतील?"

मी वहीतले तेच तीन प्रश्न त्यांच्यापुढे ठेवले. धोका खरोखर केवढा? त्या भीतीपायी पोराने काय काय सोडायचे?

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डॉक्टर सकाळी किती वाजता बसतात हो?"