मानवतमध्ये बसून पाहिलेलं दीपगृह

मानवतहून समुद्र साधारण ४०० किलोमीटर. इथे दिसतात कापसाची रानं, ऐकू येतो मोंढ्यातला गलबला. तरी इथल्याही एखाद्या तिकिटांच्या वहीत दीपगृह उभं असू शकतं. २ फेब्रुवारी १९८५ रोजी टपाल खात्याने मिनिकॉय दीपगृहाच्या शताब्दीनिमित्त एक रुपयाचं तिकीट काढलं होतं.

मिनिकॉय म्हणजे लक्षद्वीपचं दक्षिण टोक, त्यापलीकडे थेट मालदीव. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि युरोपातून कोलंबोला निघालेल्या आगबोटींची या पाण्यात वर्दळ वाढली. पोवळ्याचं हे बेट इतकं सखल, की अंधारात ते दिसावं कसं? १८८५ मध्ये तिथे दिवा लागला.

मनोरा ४५ मीटरहून उंच. एवढी उंची कशाला? कारण पृथ्वी गोल आहे! किनाऱ्यावर उभं राहिलं, तर जेमतेम साडेचार किलोमीटरपर्यंतचं पाणी दिसतं. पुढचं गोलाईआड जातं. ४५ मीटरवरून मात्र नजर २४ किलोमीटर जाते. समोरून येणारा खलाशी नऊ मीटर उंच डेकवर असेल, तर आणखी दहा-अकरा किलोमीटरांची भर. म्हणजे सुमारे ३५ किलोमीटरवरून त्याला दिवा दिसणार.

पण दिव्याचा उजेड चहूकडे विखुरतो, तो एकवटायचा कसा? जाडजूड भिंग मनोऱ्यावर चढवणं अवघड. फ्रेंच अभियंता फ्रेनेलने ओळखलं, की प्रकाश वळतो तो काचेच्या पृष्ठभागावर. मधली जाडी नुसतं ओझं. त्याने ती काढून टाकली आणि उताराच्या तेवढ्या कड्या एकाभोवती एक बसवल्या. १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआन दीपगृहात हे भिंग लागलं. बारीक अक्षरं वाचायला आजी-आजोबा पानावर ठेवतात ते प्लास्टिकचं चपटं भिंग बघा. त्यावरून नख फिरवलं, की त्याच कड्या खरखरतात!

प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी. खलाशी सेकंद मोजतो आणि नकाशाशी ताडून सांगतो, हे अमुक ठिकाण. शिवरायांच्या खांदेरीवर १८६७ पासून उभा असलेला दिवाही असाच आपली ओळख सांगत आला आहे.

पृथ्वीची गोलाई मिनिकॉयचा उजेड ३५ किलोमीटरवर अडवते. टपालाने मात्र तेच दीपगृह एका रुपयात मानवतच्या घरापर्यंत पोचवलं.