कानाने शिकलेला ब्लूज

वेस माँटगोमेरी यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. १९२३ साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात जन्मलेल्या या माणसाने विशीच्या आसपास गिटारवादक चार्ली ख्रिश्चन यांची ध्वनिमुद्रिका ऐकली, इलेक्ट्रिक गिटार विकत आणली आणि ख्रिश्चन यांचे सोलो कानाने एकेक करून उचलले. त्या भांडवलावर त्यांना क्लबात काम मिळालं. पाठ केलेले सोलो वाजवायचे आणि थांबायचं, कारण त्यापुढे अजून काही येत नव्हतं. नंतरची कितीतरी वर्षं दिवसा कारखान्यात नोकरी आणि रात्री क्लबात वादन अशी गेली. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून त्यांनी पिक बाजूला ठेवून अंगठ्याने तारा छेडल्या, आणि त्यातून एक गोल, मऊ नाद जन्माला आला. १९५९ मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अ‍ॅडर्ली यांनी त्यांना ऐकलं आणि न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड कंपनीला कळवलं. जानेवारी १९६० मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘द इन्क्रेडिबल जॅझ गिटार ऑफ वेस माँटगोमेरी’ या तबकडीने जॅझ गिटारची उंचीच बदलली.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण ‘शिक्षकाशिवाय शिकले’ एवढ्यावर थांबतात. मला त्यातलं उलट टोक महत्त्वाचं वाटतं. माँटगोमेरी यांना शिक्षक होता, तो तबकडीवर होता. अभ्यासक्रम होता: एकाच वादकाचे तेच ते सोलो, सुरासुरासह, लयीसह. परीक्षाही होती, रोज रात्री, ऐकणाऱ्यांसमोर. आपलं आपण शिकणाऱ्याला स्वातंत्र्य भरपूर मिळतं. त्याला गरज असते ती शिस्तीची आणि आवाक्यात मावणाऱ्या एखाद्या साच्याची. जॅझ-ब्लूज हा तसा साचा आहे, आणि सेमी-हॉलो, म्हणजे अर्धपोकळ, इलेक्ट्रिक गिटार हे त्याच्यासाठी फार योग्य वाद्य आहे.

पोकळ आणि भरीव यांच्या मधलं वाद्य

१९३०च्या दशकापर्यंत जॅझ वाद्यवृंदात गिटारचं काम ताल धरून कॉर्ड वाजवण्याचं होतं. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या गर्दीत तिचा एकेरी सूर ऐकूच जात नसे. १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने ‘ईएस-१५०’ ही पोकळ अंगाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदात आलेल्या चार्ली ख्रिश्चन यांनी याच गिटारवर सॅक्सोफोनसारख्या लांब, वळणदार सुरावटी वाजवल्या. १९४२ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. तेवढ्या थोड्या काळात गिटार मागच्या रांगेतून पुढे आली होती.

पोकळ गिटारला एक अडचण होती. अ‍ॅम्पचा आवाज वाढवला की तो हवेतून परत गिटारच्या पेटीत शिरतो, पेटी कंप पावते, तारा कंप पावतात, तो कंप पुन्हा अ‍ॅम्पमध्ये जातो, आणि ‘हूऽऽ’ असा फीडबॅक सुरू होतो. १९५० नंतर फेंडर कंपनीने आणि पाठोपाठ गिब्सनने भरीव लाकडाच्या गिटारी आणल्या. फीडबॅकची अडचण सुटली, पण पेटीतल्या हवेचा तो श्वास गेला.

मधला मार्ग १९५८ मध्ये निघाला. टेड मॅकार्टी गिब्सनचे अध्यक्ष होते आणि कारखाना मिशिगनमधल्या कॅलमझू गावी होता. त्यांनी काढलेल्या ‘ईएस-३३५’च्या पातळ पेटीत मधोमध मेपलचा एक भरीव ठोकळा मानेपासून शेपटीपर्यंत बसवला. पिकअप आणि ब्रिज या ठोकळ्यावर पक्के झाले. दोन्ही बाजूंचे पंख पोकळ राहिले आणि त्यांवर इंग्रजी ‘एफ’च्या आकाराची छिद्रं आली. ठोकळ्यामुळे फीडबॅक आटोक्यात आला, सूर जास्त वेळ टिकू लागला. पंखांमुळे सुराच्या सुरुवातीला लाकडाचा, हवेचा स्पर्श राहिला. सेथ लव्हर यांनी तयार केलेल्या हंबकर पिकअपमध्ये दोन वेटोळी एकमेकांविरुद्ध जोडलेली असल्यामुळे घरातल्या विजेची गुणगुणही जवळजवळ नाहीशी झाली.

याच कुटुंबातली ‘ईएस-३५५’ बी. बी. किंग यांनी वर्षानुवर्षं वाजवली. दिसायला तशीच पण ठोकळा नसलेली, पूर्ण पोकळ ‘ईएस-३३०’ ग्रँट ग्रीन यांच्या हाती होती. लॅरी कार्लटन यांची ओळखच ‘मिस्टर ३३५’ अशी झाली. जॉन स्कोफील्ड यांनी आयबानेझ कंपनीची सेमी-हॉलो जन्मभराची सोबती केली. ब्लूज आणि जॅझ या दोन्ही घरांत तिची ये-जा आहे.

घरी शिकणाऱ्याला तिचा आणखी एक उपयोग आहे. फ्लॅटमध्ये रात्री अ‍ॅम्प लावता येत नाही. सेमी-हॉलो अ‍ॅम्पशिवायही आपल्यापुरती स्पष्ट ऐकू येते. अ‍ॅम्प लावल्यावर मानेजवळचा पिकअप निवडावा, टोनचं बटण अर्ध्याच्या आसपास आणावं. गुळगुळीत पट्टी गुंडाळलेल्या, म्हणजे फ्लॅटवाउंड, तारा लावल्या तर बोटांची खरखर कमी होते आणि जुन्या तबकड्यांमधला गडद नाद जवळ येतो. मात्र सूर ताणून वाजवायची आवड असेल तर नेहमीच्या राउंडवाउंड ताराच बऱ्या.

अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन

ब्लूजचा साचा बारा बारचा. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे आवर्तन अठ्ठेचाळीस मात्रांचं. पहिले चार बार षड्जाच्या कॉर्डवर, पुढचे दोन मध्यमाच्या, मग दोन पुन्हा षड्जाच्या; नववा पंचमाच्या, दहावा मध्यमाच्या आणि शेवटचे दोन परत घरी. या आवर्तनात वादक पुन्हा पुन्हा नवं बोलत राहतो आणि पहिल्या मात्रेवर सर्वांची गाठ पडते. समेची सवय असलेल्या आपल्या कानाला हे समजायला वेळ लागत नाही.

जॅझवाले आवडीने बी फ्लॅटमध्ये ब्लूज वाजवतात, कारण ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोनला ती पट्टी सोयीची आहे. बी फ्लॅटला सा मानू. षड्जाच्या सेव्हन्थ कॉर्डमध्ये सा, शुद्ध ग, प आणि कोमल नी असतात. मध्यमाच्या कॉर्डमध्ये म, शुद्ध ध, सा आणि कोमल ग. कॉर्ड बदलताना शुद्ध ग कोमल होतो आणि कोमल नी शुद्ध धैवतावर उतरतो. दोन्ही फक्त अर्ध्या सुराने. गिटारवर हे डोळ्यांना दिसतं. चौथ्या तारेवर सहावा फ्रेट आणि तिसऱ्या तारेवर सातवा, ही षड्जाच्या कॉर्डची दोन कळीची स्थानं. तीच दोन बोटं एक फ्रेट खाली सरकवली की मध्यमाची कॉर्ड, मूळ जागेपासून एक फ्रेट वर सरकवली की पंचमाची. दोन बोटांत सगळा ब्लूज मावतो. खालचा मूळ सूर बासवादक सांभाळतो, आणि तो नसला तरी कान तो सूर मनाने भरून घेतो.

याच चौकटीत जॅझने नवे जिने बांधले. सहाव्या बारमध्ये मध्यमाच्या कॉर्डमधला म तीव्र होतो, बाकीचे तीन सूर जागेवरच राहतात, आणि एक ताण तयार होतो. आठव्या बारमध्ये धैवतावरची कॉर्ड येते. तिच्यातला कोमल रे नवव्या बारमध्ये शुद्ध रिषभावर चढतो. रिषभाच्या मायनर कॉर्डवरून पंचमाच्या कॉर्डकडे आणि तिथून घरी. साध्या ब्लूजमध्ये वादक एकाच सुरावटीच्या आधारे बारा बार पार करू शकतो. जॅझ-ब्लूजमध्ये कॉर्ड बदलल्याचं त्याच्या एकेरी सुरांतूनही ऐकू यावं लागतं. दोन्ही सांभाळणं हीच या प्रकाराची गोडी.

ब्लूजचा जीव मात्र गांधारात आहे. कोमल आणि शुद्ध यांच्या मधली जागा, तार किंचित ताणून घेतलेली, कधी खालून वर सरकणारी. जोग रागातले दोन गांधार ज्याने मन लावून ऐकले आहेत, त्याला ही ओढ परकी वाटणार नाही. दोन्हींचं व्याकरण वेगळं आहे, त्यामुळे जोगाच्या ताना ब्लूजमध्ये चिकटवून काही साधत नाही. पण एका सुराच्या सूक्ष्म जागेसाठी थांबायचं, ती कानात पक्की करायची, ही सवय आपल्या संगीताने आपल्याला आधीच दिलेली आहे.

ऐका, गा, मग शोधा

आपलं आपण शिकताना क्रम महत्त्वाचा. आधी एक छोटा सोलो निवडावा, बारा बारचा पुरे. तो इतका ऐकावा की गिटारशिवाय गाता येईल. गळा गोड असण्याची गरज नाही. सुराची दिशा आणि लय बरोबर आली पाहिजे. त्यानंतरच गिटार हातात घेऊन ते सूर शोधावेत. थेट गिटारवर शोधायला गेलं की बोटं आपल्या ओळखीच्या जागांवर जातात आणि कान त्यांच्या मागे फरफटतो.

जुने वादक ३३⅓ गतीची तबकडी १६⅔ गतीवर लावून ऐकत. वेग निम्मा होई आणि सूर बरोबर एक सप्तक खाली येई. आज मोबाइलवर पट्टी न बदलता वेग कमी करता येतो. ही सोय मोठी आहे, पण सोलो शेवटी मूळ वेगाला, मूळ वादकाबरोबर वाजवून पाहिल्याशिवाय पुरा झाला असं समजू नये.

सुरुवातीला ड्यूक एलिंग्टन यांचा ‘सी जॅम ब्लूज’ घ्यावा. त्याची मुख्य धून दोनच सुरांत आहे, म्हणून सगळं लक्ष लयीवर जातं. मग मिल्ट जॅक्सन यांचा ‘बॅग्ज ग्रूव्ह’, चार्ली पार्कर यांचा ‘नाउज द टाइम’ आणि थेलोनियस माँक यांचा ‘ब्लू माँक’. गिटारचा नाद आणि संयम शिकायला केनी बरेल यांची १९६३ची ‘मिडनाइट ब्लू’ ही तबकडी. तिच्यात पियानो नाही, त्यामुळे गिटार कुठे बोलते आणि कुठे गप्प राहते ते स्वच्छ ऐकू येतं. ग्रँट ग्रीन ऐकताना त्यांच्या वाक्यांमधल्या विरामांकडे लक्ष द्यावं. फुंकून वाजवणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो, गिटारवाल्याला नाही. म्हणून गिटारवाल्याने श्वास ठरवून घ्यावा.

स्विंगची लय कागदावर नीट उतरत नाही. ढोबळमानाने मात्रेचे तीन भाग करून पहिल्या सुराला दोन आणि दुसऱ्याला एक दिला जातो, पण वेग वाढला की हे अंतर कमी होत जातं. मेट्रोनोम प्रत्येक मात्रेवर न लावता फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ऐकू येईल असा लावावा. पहिली मात्रा मग वादकाला स्वतःच्या अंगात धरावी लागते.

मुंबई, गोवा, कोलकाता

हे संगीत आपल्याकडे आलं त्यालाही नव्वदहून जास्त वर्षं झाली. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन वादकांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलिपी शिकून आलेले वादक मुंबईत या संगीताकडे ओढले गेले. वाचन त्यांना पक्कं येत होतं. आयत्या वेळी सुचेल ते वाजवण्याची कला त्यांनी शेजारी बसून आणि तबकड्या ऐकून मिळवली. अल्दोन्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांतलेच. पुणतांब्यात जन्मलेल्या संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर त्यांनी काम केलं, आणि १९५१च्या ‘अलबेला’ चित्रपटाच्या गाण्यांतून स्विंगची चाल महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचली.

गिटारपुरतं बोलायचं तर कोलकात्याचे कार्लटन किट्टो यांचं नाव आदराने घ्यावं लागेल. चार्ली ख्रिश्चन यांच्यासारख्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ते बीबॉप ही जॅझची शैली शिकले, आयुष्यभर तेच वाजवत राहिले आणि अनेकांना शिकवलं. २०१६ मध्ये ते गेले. त्यांच्यावरचा ‘फाइंडिंग कार्लटन’ हा माहितीपट भारतातल्या जॅझची मोठी कहाणी सांगतो. इंडियानापोलिसमध्ये आणि कोलकात्यात, हजारो मैलांच्या अंतरावर, शिकण्याची पद्धत एकच होती.

एकट्याच्या वाटेवरची काळजी

एकट्याने शिकणाऱ्याचे दोष सहसा ठरलेले असतात. पहिला, बोटांना पाठ झालेले आकार: सुराचं नाव माहीत नसतं, जागा तेवढी माहीत असते. रोज एक कॉर्ड घेऊन तिचा तिसरा आणि सातवा सूर सगळ्या तारांवर शोधला की हा दोष कमी होतो. दुसरा, लय: सोबत कोणी नसल्यामुळे अवघड जागी आपण नकळत थांबतो आणि सोप्या जागी धावतो. स्वतःचं वादन ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावं, लगेच नाही. तिसरा, सोलोची हाव: प्रत्यक्ष मंचावर गिटारवादकाचा बहुतेक वेळ इतरांना साथ करण्यात जातो. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन यांनी जवळजवळ पन्नास वर्षं साथच केली, आणि त्यांच्याशिवाय तो वाद्यवृंद कल्पनेत येत नाही.

चौथा दोष सर्वांत मोठा: एकटं राहणं. तबकडी सगळं शिकवते, पण तबकडी आपलं ऐकत नाही. ब्लूज मुळात एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं असं संगीत आहे. म्हणून साचा पाठ झाला, दोन बोटांच्या कॉर्ड चुकेनाशा झाल्या आणि एक सोलो पूर्ण आला, की घराबाहेर पडावं. शहरात जॅम सेशन होत असतील तर तिथे जावं. नसतील तर एखादा तबलजी, एखादा हार्मोनियमवाला मित्र गाठावा आणि बारा बार समजावून सांगावेत. दुसऱ्याला समजावताना आपल्याला काय कळलं आहे ते उघड होतं, आणि त्याने दिलेल्या अनपेक्षित उत्तरामुळे पाठ केलेल्या सोलोच्या पुढचं पहिलं स्वतःचं वाक्य सुचतं. कानाने शिकायला सुरुवात एकट्याने करता येते. ते शिक्षण पुरं व्हायला मात्र समोर ऐकणारा दुसरा वादक लागतोच.