खजूर: थकव्यावर खरा, रक्ताला अपुरा

लोणारच्या विवरात उतरताना पायवाट संपत आली की पाण्याच्या अंगाला काटेरी झावळ्यांची झाडं दिसू लागतात. बाहेरगावचा पाहुणा ती पाहून म्हणतो, "अरे, इथे खजूर!" सोबतचा गावकरी सांगतो, "खजूर नाही जी, शिंदी आहे." दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं. शिंदी आणि खजूर एकाच कुळातल्या, फिनिक्स वंशातल्या. लोणारच्या जुन्या वर्णनांत तिथली झाडी एकात एक बसवलेल्या कड्यांसारखी सांगितली आहे: खजुरी, चिंचा आणि बाभळी. सरोवराचं पाणी खारट आणि अल्कधर्मी. त्याच्या काठावर शिंदी टिकते, कारण खारेपण सोसण्याची ताकद या कुळातच आहे.

बुलढाणा जिल्ह्यात ओढ्याकाठी, शेताच्या धुऱ्यावर शिंदी उभी दिसते. सुगरण तिच्या झावळीला खोपा टांगते. तिच्या पानांची केरसुणी होते आणि लक्ष्मीपूजनाला तीच केरसुणी लक्ष्मी म्हणून पूजली जाते. फळं मात्र बोराएवढी, बिया मोठ्या आणि गर नावापुरता. मग खामगाव-मलकापूरच्या किराणा दुकानात पोत्यांनी येणारा खजूर इथल्याच मातीत का पिकत नाही? याचं उत्तर कळलं की खजूर आणि खारीक यांतला फरकही कळतो, आणि पुढे त्यांचं शरीरात काय होतं तेही उलगडत जातं.

फळ पिकतं कसं

खजुराचं नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. लागवडीत वाऱ्यावर विसंबून भागत नाही, म्हणून शेतकरी नराचा फुलोरा तोडून त्याच्या काड्या मादीच्या फुलोऱ्यात बांधतो. त्यानंतर फळ चार अवस्थांतून जातं. त्यांची अरबी नावं जगभर रूढ आहेत. 'किमरी' म्हणजे हिरवं, कडक, तुरट फळ. 'खलाल' म्हणजे पूर्ण वाढलेलं, पिवळं किंवा लाल, पण अजून कडक. 'रुतब' म्हणजे टोकाकडून मऊ पडू लागलेलं. 'तमर' म्हणजे झाडावरच आटून सुरकुतलेलं, आपण खजूर म्हणतो ते.

खलालपासून तमरपर्यंतच्या प्रवासात फळातलं पाणी निम्म्याहून अधिक असतं ते आटत आटत पाचव्या हिश्शाच्या आसपास येतं. तुरटपणा देणारी टॅनिनं जिभेला जाणवेनाशी होतात. फळातलं इन्व्हर्टेज हे विकर साध्या साखरेचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. तयार खजुरात मुख्यतः या दोनच साखरा असतात. पाणी कमी आणि साखर दाट असल्यामुळे त्यात बुरशीला सहज थारा मिळत नाही, म्हणून तो महिनोन् महिने टिकतो.

या शेवटच्या टप्प्याला कोरडं, तापलेलं आभाळ लागतं. खजुराचे पाय पाण्यात आणि डोकं आगीत हवं, असं अरब म्हणतात. आपल्याकडे फळ मऊ पडण्याची वेळ आणि पावसाची वेळ एकच. भिजलेलं फळ फुटतं, आंबतं, सडतं. कच्छच्या शेतकऱ्यांनी यावर आपली वाट काढली आहे. ते पावसाआधी खलाल अवस्थेतच घड उतरवतात आणि फळ ताजंच विकतात. तिकडे त्यालाच खारेक म्हणतात. २०२४ मध्ये कच्छी खारेकला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आपली खारीक वेगळी. सिंधमधल्या खैरपूर-सक्कर भागातही पावसाची तीच भीती असते. तिथे खलाल अवस्थेतली फळं उतरवून पाण्यात उकळतात आणि मग उन्हात वाळवतात. उकळल्यामुळे विकरं निकामी होतात, फळ मऊ पडायचं थांबतं आणि वाळून कडक, टिकाऊ होतं. खारीक म्हणजे नुसता वाळलेला खजूर नव्हे, ती पिकण्याआधीच थांबवलेलं फळ आहे. आपल्या बाजारातली बरीचशी खारीक तिथूनच यायची. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयातशुल्क लागलं आणि डिंकाच्या लाडवांचा खर्च घरोघरी जाणवला. मे २०२५ पासून तर तिकडून होणारी आयातच बंद आहे.

शरीरात काय होतं

१०० ग्रॅम खजुरात साधारण २८० कॅलरी असतात. साखर ६३ ते ६६ ग्रॅम, तंतू ७ ते ८ ग्रॅम, प्रथिनं जेमतेम २ ग्रॅम. पोटॅशियम ६५० ते ७०० मिलिग्रॅम, म्हणजे तितक्याच वजनाच्या केळ्याच्या जवळपास दुप्पट. मॅग्नेशियमही बऱ्यापैकी.

खजूर खाल्ला की त्यातलं ग्लुकोज फोडत बसावं लागत नाही, ते तसंच रक्तात जातं. म्हणून दिवसभराच्या रोजानंतर इफ्तारला आधी खजूर खाण्याची रीत शरीराला सोयीची आहे. उपाशी पोटाला साखर लगेच मिळते, पोटॅशियम मिळतं, आणि सोबत पाणी प्यायलं की तरतरी येते. एकादशीच्या उपासालाही हेच लागू पडतं. नुसत्या साबुदाण्यात पिष्टच फार. त्यापेक्षा दोन-तीन खजूर आणि मूठभर शेंगदाणे बरे. शेंगदाण्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश साखरेला जरा लगाम घालतात.

साखर इतकी असूनही खजूर रक्तातली साखर पांढऱ्या साखरेसारखी एकदम चढवत नाही, त्याचं श्रेय तंतूंना आणि फ्रुक्टोजला. संयुक्त अरब अमिरातीत २०११ मध्ये पाच वाणांची चाचणी झाली. त्यात ग्लायसेमिक निर्देशांक ४६ ते ५५ च्या दरम्यान आला. मात्र निर्देशांक कमी असला म्हणून साखर नाहीशी होत नाही. एका मोठ्या मेडजूल खजुरात सुमारे १६ ग्रॅम, म्हणजे चहाचे चार चमचे साखर असते. मधुमेह असलेल्यांनी खजूर जेवणावर वरचा म्हणून खाऊ नये, तेवढी पोळी-भात कमी करून हिशेबात धरावा.

तंतूंचं दुसरं काम आतड्यात. ब्रिटनमधल्या रीडिंग विद्यापीठात २२ निरोगी माणसांना २१ दिवस रोज सुमारे ५० ग्रॅम खजूर दिला, तेव्हा शौचाला नियमितपणा आला. गरोदरपणाबद्दल जॉर्डनमधला अभ्यास प्रसिद्ध आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी चार आठवडे रोज सहा खजूर खाणाऱ्या ६९ स्त्रियांमध्ये कळा आपोआप सुरू होण्याचं प्रमाण न खाणाऱ्या ४५ जणींपेक्षा जास्त दिसलं. अभ्यास छोटा होता, आणि कोणी खजूर खायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. म्हणून त्याला आशादायक म्हणावं, खात्री म्हणू नये.

रक्ताचा हिशेब

आता मुद्द्याचं. गरोदर सुनेला, अशक्त लेकीला आपल्याकडे सांगतात, "खजूर खात जाय वं माय, रगत वाढते." या सांगण्यात माया खरी असते. हिशेब मात्र जुळत नाही.

अमेरिकी पोषण-तक्त्यांनुसार १०० ग्रॅम खजुरात लोह सुमारे १ मिलिग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीची रोजची गरज २९ मिलिग्रॅम ठरवली. चार छोट्या खजुरांतून त्याचा जेमतेम शंभरावा भाग मिळतो, आणि वनस्पतीतलं लोह असल्याने त्यातलंही थोडंच अंगी लागतं. गरोदरपणात सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. तेवढं खजुरातून घ्यायचं तर सहा किलो खजूर खावा लागेल. काही भारतीय तक्त्यांत खारकेचा आकडा बराच मोठा दिसतो, पण तो धरला तरी मूठभर खारकांनी दिवसाची गरज भागत नाही.

हे जीव तोडून सांगावंसं वाटतं, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. खजुराच्या भरवशावर गोळ्या फळीवर पडून राहिल्या, तर नुकसान आईचं आणि बाळाचं. गोळी घ्यावी आणि तिच्या आगेमागे चहा टाळावा. जेवणात पालेभाजी, कडधान्य, अळीव असावेत, वर लिंबू पिळावं. खजूर त्यांच्या सोबतीला जरूर असावा.

चरकसंहितेत खजुराला मिळालेली जागा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. थकवा घालवणाऱ्या दहा द्रव्यांच्या 'श्रमहर' गणात द्राक्ष, डाळिंब, ऊस यांच्याबरोबर खर्जूर आहे. बाळंतिणीच्या डिंक-खारीक-खोबऱ्याच्या लाडवामागेही हीच समज आहे. शिणलेल्या देहाला थोडक्यात भरपूर ऊर्जा मिळावी, म्हणून तो लाडू.

कोणी जपावं

बुलढाणा जिल्ह्यापुरती एक सूचना वेगळी द्यायला हवी. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या गावांत मूत्रपिंडाच्या आजाराने घरंच्या घरं पोळली आहेत. मूत्रपिंड थकलं की जादा पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साठतं आणि हृदयाची लय बिघडवू शकतं. निरोगी माणसाला खजुराचा जो गुण, तोच या रुग्णाला घातक. अशा घरात भेटायला जाताना 'ताकदीचं' म्हणून खजुराचा पुडा नेऊ नये. डॉक्टरांनी किती चालेल ते सांगितल्याशिवाय रुग्णाने तो खाऊ नये.

बाकीच्यांसाठी रोज तीन-चार छोटे खजूर पुरेसे. खारीक रात्री दुधात भिजवली की मऊ होते. लहान मुलांना बी काढून, बारीक तुकडे करून द्यावी. खजूर दाताला चिकटतो, म्हणून खाल्ल्यावर चूळ भरावी. विकत घेताना पाकाने चकाकणारा खजूर टाळून सुरकुतलेला, कोरडा निवडावा.

शिंदीकडेही जरा नव्या नजरेने पाहावं. बंगालमध्ये याच झाडाला हिवाळ्यात खाप घेऊन रस काढतात आणि त्याचा गूळ करतात. आपल्याकडे तिचं नाव आंबलेल्या रसालाच चिकटून बसलं. धुऱ्यावरची शिंदी खजुराचं पीक देणार नाही, पण केरसुणीला पान आणि सुगरणीला खोप्याची जागा ती देतच आली आहे. तिच्याकडून तेवढंच घ्यावं, आणि खजुराकडून थकव्यावरचा उतारा. रक्त वाढवण्याचं काम गोळीवर सोपवावं.