सातबाऱ्यावरचे नाव

'सातबाऱ्याचा उतारा' हे शब्द तुम्ही घरात नक्कीच ऐकले असतील. कोणती जमीन कोणाच्या नावावर आहे आणि तिच्यात काय पिकते, हे या कागदावर लिहिलेले असते. तुम्ही कुंभिवलीत राहत असा किंवा खालापूर-कर्जतच्या दुसऱ्या एखाद्या गावात, ज्यांची वडिलोपार्जित भातशेती आहे अशा एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा, "ही जमीन आपल्या नावावर कशी झाली?" पुष्कळ घरांत उत्तर मिळेल, "कुळकायद्याने." रायगड जिल्ह्यातील जुन्या फेरफारांत '३२ ग' अशी नोंद अनेक ठिकाणी सापडते. ही दोन अक्षरे कागदावर यावीत म्हणून लोकांना पंचवीस वर्षे झगडावे लागले. ते कसे झगडले, हे आज आपण पाहू.

आधी दोन शब्द समजून घेऊ. दुसऱ्याच्या मालकीची जमीन जो कसतो आणि त्याबद्दल मालकाला ठरलेला हिस्सा देतो, तो 'कूळ'. सरकारचा सारा वसूल करण्याचा वंशपरंपरेचा अधिकार ज्याच्याकडे होता, तो 'खोत'. शेतीच्या कारभारातील बाकीचे शब्द मात्र तुम्हांला शिकवावे लागणार नाहीत. रयत, मालक, वसूल, हक्क, कायदा, जमीन, कबुलायत हे सगळे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत. एका शब्दापाशी मात्र जपून राहा. उर्दूत 'राजीनामा' म्हणजे तडजोड; मराठीत राजीनामा म्हणजे आपला हक्क किंवा पद सोडत असल्याचे लिहून देणे. या शब्दाने पुढे कुळांचे फार नुकसान केले.

त्या काळी आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. १९८१ साली ते रायगड झाले. कुळाने नांगरायचे, लावणी करायची, कापणी-झोडणी करायची आणि भात खळ्यावर आले की त्यातील मोठा वाटा मालकाच्या घरी पोहोचवायचा, अशी रीत होती. पीक बुडाले तरी ठरलेल्या खंडी चुकत नसत. अलिबाग तालुक्याच्या खाडीकाठी तर समुद्राचे खारे पाणी अडवणारे बांधही कुळांनाच राखावे लागत. शिवाय मालकाच्या घरी फुकट राबावे लागे. याला वेठ म्हणतात. तुम्ही 'बेगार' म्हणता तीच ही गोष्ट. मराठीत दोन्ही शब्द जोडून 'वेठबिगार' असाही शब्द झाला आहे.

या अन्यायाविरुद्ध नारायण नागू पाटील यांनी शेतकऱ्यांना एकत्र केले. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी या गावी सभा झाली आणि कुळांनी संप जाहीर केला. पंचवीस गावांतील शेतकऱ्यांनी मालकांच्या जमिनी कसायच्या नाहीत असे ठरवले.

येथे थोडे थांबून विचार करा. गिरणीतला कामगार संप करतो तेव्हा मालकाचे यंत्र बंद पडते. शेतकऱ्याने संप केला तर सर्वांत आधी त्याचीच चूल बंद पडते. मालकाच्या कोठारात भात होते, कुळाच्या घरात नव्हते. मग असा संप करण्यात काय शहाणपण? शहाणपण संख्येत होते. एका कुळाने जमीन सोडली, तर मालक ती दुसऱ्याला देई आणि पहिला उपाशी मरे. पण पंचवीस गावांत ती जमीन घ्यायला कोणीच पुढे आले नाही, तर मालकाच्या हाती उरते फक्त गवत. आतापर्यंत कुळाला मालकाची गरज आहे असे सर्वांना वाटत होते. मालकालाही कुळाची तितकीच गरज आहे, हे संपाने उघड केले.

हा संप सहा वर्षे चालला. सहा पावसाळे शेते ओस राहिली. लोकांनी जंगलातील लाकडे विकली, खाडीत मासे आणि खेकडे पकडले, मिळेल ती मजुरी केली. काही काळ सरकारने सभा-भाषणांवर बंदी घातली. अशा वेळी एक जरी गाव फुटले असते, तरी सारे संपले असते. म्हणून मला वाटते, या लढ्यात भाषणे करणाऱ्यांइतकाच, आज चूल कशी पेटवायची याची रोज विवंचना करणाऱ्या बायकांचाही वाटा आहे. त्यांची नावे मात्र फारशी कोठे लिहिलेली नाहीत.

पण नुसते उपाशी राहून कायदा बदलत नाही. चरीचे दुःख चरीतच राहिले असते, तर मुंबईतील सरकारला त्याची पर्वा करण्याचे कारण नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ साली चरीच्या शेतकरी परिषदेला आले, तेव्हा हा प्रश्न तालुक्याबाहेर गेला. १९३७ साली नारायण नागू पाटील यांनी 'कृषीवल' हे वृत्तपत्र सुरू केले. एका गावातील कुळाची तक्रार दुसऱ्या गावातील कूळ वाचू लागले आणि 'हे माझ्याच नशिबी आहे' असे मानणाऱ्याला 'हे सगळ्यांचेच आहे' असे कळले. तुमच्या उर्दूत आणि आमच्या मराठीत 'मोहीम' हा शब्द पूर्वी लढाईसाठी वापरत. या मोहिमेत तलवार नव्हती. सभा, वर्तमानपत्र आणि ओस पडलेले शेत एवढीच हत्यारे होती.

त्याच वर्षी निवडणुका झाल्या आणि मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. डॉ. आंबेडकर विधानसभेत निवडून आले होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक सभागृहात मांडले. विधेयक म्हणजे मंजुरीसाठी मांडलेला कायद्याचा मसुदा. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईला गेले आणि त्यांनी विधिमंडळावर मोर्चा काढला. तरीही ते विधेयक मंजूर झाले नाही. मोर्चा निघाला की दुसऱ्या दिवशी मागणी मान्य होते, असे कधीच घडत नाही. पण आता या प्रश्नाकडे पाठ फिरवणे सरकारला शक्य नव्हते. १९३९ साली कुळांना संरक्षण देणारा पहिला कायदा झाला. जो शेतकरी १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे तीच जमीन कसत होता, त्याला 'संरक्षित कूळ' मानले गेले. याच वर्षी चरीचा संपही मिटला.

हा कायदा आधी थोड्याच जिल्ह्यांत लागू झाला. १९४६ मध्ये तो सर्व प्रांतात आला. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मोठा कुळकायदा आला आणि १९४९ च्या कायद्याने खोती गेली. शेवटी १ एप्रिल १९५७ हा दिवस उजाडला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ हेच तिचे खरेदीदार मानले गेले. कलम ३२ ग प्रमाणे जमिनीची किंमत ठरे. ती साधारणपणे साऱ्याच्या वीस ते दोनशे पट असे आणि हप्त्यांनी भरता येई. सगळे पैसे भरले की प्रमाणपत्र मिळे. हाच तो '३२ ग'.

पण कायदा झाला म्हणजे प्रत्येकाला जमीन मिळाली असे नाही. मधल्या वर्षांत काही मालकांनी कुळांकडून राजीनामे लिहून घेतले. अंगठा उठवणाऱ्याला आपण काय लिहून देत आहोत हे ठाऊक नव्हते. काही मालक भाताची पावतीच देत नसत. पावती नाही, म्हणजे पुरावा नाही. पुरावा नाही, म्हणजे नोंद नाही.

आणि ज्यांचे नाव कोणत्याच कागदावर नव्हते, त्यांचे काय? खालापूर-कर्जतच्या डोंगरांत कातकरी आणि ठाकूर समाजाच्या वाड्या आहेत. खैराच्या झाडापासून कात काढणारे, म्हणून कातकरी. जंगलावर सरकारी निर्बंध आले आणि तो धंदा गेला. मग ते दुसऱ्याच्या शेतावर, कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर राबू लागले. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवली, तरी ती जमीन वनखात्याची. कुळकायद्याच्या भाषेत ते कोणाचेच कूळ नव्हते.

त्यांच्यासाठी वेगळी चळवळ करावी लागली. रायगडसह देशभरातील आदिवासींनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, धरणे धरली. २००६ साली संसदेने वनहक्क कायदा मंजूर केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला तिच्यावर हक्क सांगता येतो. दावा प्रथम ग्रामसभेपुढे येतो. या कायद्याच्या नियमांत एक गोष्ट मोठी आहे. कागद नसेल, तर गावातील वृद्ध माणसाचे लिहून घेतलेले सांगणेही पुरावा म्हणून चालते. वाडीतला म्हातारा ग्रामसभेत उठून सांगतो, "हा दगड, तो साग आणि हा ओहोळ, एवढ्यात याचा बाप नाचणी पेरीत असे," आणि शेजारी बसलेला मुलगा ते वहीत उतरवून घेतो.